गोळी तीच, सोबतीण वेगळी

"मॅडम, आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातले. चार एकर कोरडवाहू, कापूस न् तूर. माही पोरगी १९ वर्षांची आहे. नववीत होती तवापासून तिले मिरगीचे झटके येतात. वॅल्प्रोएटची गोळी चालू होती, बरं चाललं होतं. यंदा पोळ्याच्या आधी दोन झटके आले म्हणून शहरातल्या डॉक्टरले दाखवलं. त्यायनं जुनी गोळी तशीच ठेवली न् एक नवी लिहून देली, लॅमोट्रिजीन २५. मेडिकलवाल्यानं पाकिटावर 'रात्री १' लिहिलं. आम्ही रोज देली. नवव्या दिवशी परत झटका आला. माह्या जावेच्या पोराले हेच गोळी आहे, त्याले रोज दोन देतात. म्हणून आम्हीबी दोन सुरू केल्या.

पंधरा-सोळा दिवसांनी तिले ताप आला, घसा दुखे, डोळे लाल झाले. मंग छातीवर न् तोंडावर पुरळ. सासूबाई म्हणे माता आली. कडुनिंबाच्या पाल्यावर निजवलं, तीन दिवस दवाखान्यात नेलं नाही. गोळ्या मात्र चालूच होत्या. चवथ्या दिवशी ओठाची सालटं निघाली, पाणी गिळता येईना, कूस बदलाले हात लावला तं पाठीचं कातडं हाताले लागून आलं. १०८ ले फोन केला. जिल्ह्याच्या ठिकाणाहून नागपूरले नेलं. एकोणीस दिवस होतो. वाचली माही लेक.

घरी येऊन महिना झाला. आता घरचे म्हणतात, झटक्याच्या सगळ्याच गोळ्या बंद करा, बाजूच्या गावात एक जण जडीबुटी देते. चार दिवसांपासून तिनं जुनी गोळीबी घेतली नाही. काय करू? चूक मेडिकलवाल्याची का माही? लग्नाचं पाहणं सुरू होतं, तिथं सांगावं का लपवावं? मले झोप लागत नाही."

(पत्राच्या तळाशी वेगळ्या, नीटस अक्षरात एक ओळ आहे: "मॅडम, मी परत शिवणक्लासला जाऊ शकते का?")

ताई,

तुमचं पत्र सोमवारी दुपारी हाती आलं. "चार दिवसांपासून जुनी गोळीबी घेतली नाही" इथपर्यंत वाचलं आणि पत्र बाजूला ठेवून आधी तुम्हाला फोन केला. त्याच संध्याकाळी तुम्ही नागपूरच्या डॉक्टरांशी बोललात आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे वॅल्प्रोएट पुन्हा सुरू झाली, हे तुमच्या तोंडून ऐकलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. आता बाकीचं सावकाश लिहिते. तुम्ही परवानगी दिली म्हणून इथे छापते आहे, कारण ज्या वाटेने तुमच्या लेकीवर हे ओढवलं त्या वाटेवर आज आपल्या भागातली कितीतरी घरं उभी आहेत.

फोनवर घाईत बोलले ते आधी नीट सांगते, घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. वर्षानुवर्षं चालू असलेली मिरगीची गोळी एकदम बंद केली की झटके दबा धरून बसलेले असतात ते एकामागून एक येऊ लागतात. मधे शुद्धच येत नाही. असा झटका पाच मिनिटांच्या पुढे गेला की मेंदूला इजा होऊ शकते, जीवही जातो. कातडीच्या आजारातून वाचलेली पोर अशा झटक्यात गमावली तर काय करायचं? जडीबुटी देणाऱ्याबद्दल मला एवढंच म्हणायचं आहे की त्याच्या पुडीत काय आहे ते तुम्हाला माहीत नाही, मला नाही, आणि ज्या लिव्हरवर नुकताच एवढा भार पडून गेला त्याला तर अजिबात नको. ज्या गोळीने घात केला ती जन्मभर बंद. जी पाच वर्षं सांभाळत आली ती डॉक्टर सांगेपर्यंत चालू. दोघींना एका पारड्यात टाकू नका.

आता तुमचा खरा प्रश्न, चूक कोणाची, ज्याने तुमची झोप उडाली आहे.

त्याचं उत्तर द्यायला त्या दोन गोळ्या पोटात गेल्यावर काय झालं ते सांगावं लागेल. सध्या वेचणी चालू आहे, जिनिंगवर गाड्यांची रांग तुम्ही रोज पाहता. काटा एकच असतो. गाडी काट्यावर चढली, माप झालं, माल खाली झाला की गाडी बाहेर. लॅमोट्रिजीनचंही असंच आहे. ती शरीरातून निघते ती लिव्हरच्या काट्यावरून. एकटी असली तर साधारण २५ ते ३० तासांत निम्मी निकाली निघते. पण वॅल्प्रोएट सोबत असली की ती तोच काटा अडवून बसते. मग लॅमोट्रिजीनच्या गाड्या आवारातच उभ्या राहतात आणि निम्मी व्हायला ६० तासांच्या आसपास, म्हणजे अडीच दिवस लागतात. तुम्ही दुसऱ्या रात्री आणखी एक गाडी आत सोडली, तिसऱ्या रात्री आणखी एक. दहाव्या रात्रीपासून दोन-दोन. आवार तुंबलं. वरून गोळी २५चीच दिसत होती, रक्तात मात्र ती कितीतरी जास्त साचत गेली.

म्हणून ज्या मोठ्या माणसाला वॅल्प्रोएट चालू आहे त्याला लॅमोट्रिजीन सुरू करताना पहिले दोन आठवडे २५ मिलिग्रॅम एक दिवसाआड द्यायची असते. पुढचे दोन आठवडे २५ रोज. त्यानंतर एक-दोन आठवडे थांबून २५ ते ५० मिलिग्रॅमने वाढवायची. तुम्ही मोबाइलवर पाठवलेला चिठ्ठीचा फोटो मी मोठा करून पाहिला. तुमच्या डॉक्टरांनी "एक दिवसाआड" लिहिलेलं आहे. इंग्रजी लघुरूपात, नखाएवढ्या अक्षरात, पण लिहिलेलं आहे. ते दुकानातून पाकिटावर उतरताना गळलं.

आणि तुमच्या जावेचा मुलगा? त्याला रोज दोन कशा चालतात, हे तुमच्या मनात राहून राहून येत असणार. मी फोनवर त्याच्या दुसऱ्या गोळीचं नाव विचारलं तेव्हा तुम्ही तिथल्या तिथे जावेला हाक मारून पाकीट मागवलंत. ती निघाली एप्टॉइन, म्हणजे फेनिटॉइन. फेनिटॉइन वॅल्प्रोएटच्या अगदी उलट वागते. ती काट्यावर जास्तीची माणसं लावते. तिच्या सोबतीला लॅमोट्रिजीन १४ तासांच्या आसपासच निम्मी होते, म्हणून त्याला सुरुवातच रोज ५० ने, म्हणजे २५च्या दोन गोळ्यांनी करावी लागते. गोळी तीच, आकडा तोच, सोबतीण वेगळी. त्याला जी मात्रा जेमतेम पुरते ती तुमच्या लेकीसाठी चौपट होती. हे तुम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. सांगितल्याशिवाय कळण्यासारखंही नाही, ताई. एकाच गोळीची मात्रा सोबतीच्या गोळीवरून ठरते ही गोष्ट शिकलेल्या घरांतही क्वचित माहीत असते.

तर चूक कोणाची? डॉक्टरांनी तुमच्याकडून परत वदवून घेतलं नाही की "सांगा बरं, कशी द्याल?" दुकानात कोणी चिठ्ठी नीट वाचली नाही आणि घरी आधीची कोणती गोळी चालू आहे हे विचारलं नाही. तुम्ही विचारल्यावाचून दोन केल्या. तुमचा वाटा काहीच नाही असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं तर तुम्हाला ते खरं वाटणार नाही आणि झोपही येणार नाही. पण तो वाटा सगळ्यात धाकटा आहे. झटका पाहून घाबरलेल्या आईने जवळच्या माणसाचं ऐकलं, एवढाच. ज्यांच्या हातात ज्ञान होतं त्यांनी ते तुमच्या हातात दिलं नाही, हा मोठा वाटा आहे, आणि तो आम्हा दवाखान्यातल्या आणि दुकानातल्या माणसांचा आहे.

दुसरी गोष्टही तितकीच खरी आहे. मात्रा काटेकोर पाळूनही हा आजार कोणाकोणाला होतो. लॅमोट्रिजीन घेणाऱ्या दहातल्या साधारण एकाला अंगावर काही ना काही पुरळ येतं, त्यातलं बहुतेक साधं असतं आणि जातं. गंभीर पुरळ मोठ्या माणसांत हजारात तिघांपर्यंत, लहान मुलांत हजारात तीन ते आठ जणांना येतं. कोणाला येईल हे आधी ओळखता येत नाही. जोखीम कशाने वाढते ते मात्र पक्कं ठाऊक आहे: सोबत वॅल्प्रोएट असणं, सुरुवात जास्त मात्रेने होणं, आणि मात्रा घाईने वाढणं. अमेरिकेच्या औषध खात्याने १९९७ साली या औषधाच्या माहितीपत्रकावर काळ्या चौकटीत हाच इशारा छापायला लावला. तुमच्या लेकीच्या बाबतीत तिन्ही गोष्टी एकत्र आल्या.

डिस्चार्ज कार्डावर जे लांबलचक नाव आहे, स्टीव्हन्स-जॉन्सन, ती दोन अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची नावं आहेत. १९२२ साली त्यांनी दोन मुलांचं वर्णन लिहून ठेवलं: ताप, अंगभर पुरळ, पेटलेलं तोंड आणि डोळे. या आजारात शरीर स्वतःच्याच कातडीवर उलटतं. वरचा थर खालच्या थरापासून सुटतो, भाजल्यासारखा. शरीराच्या दहा टक्क्यांहून कमी कातडी सुटली तर हे नाव, तीस टक्क्यांहून जास्त सुटली तर दुसरं, आणखी भयंकर. पहिल्यात शंभरातले पाच ते दहा दगावतात, दुसऱ्यात तीसच्या आसपास. कार्डावर पंधरा टक्के लिहिलंय, म्हणजे तुमची लेक मधल्या पायरीवरून परत आली आहे. तुम्ही १०८ ला फोन केलात त्या घडीनेही तिला वाचवलं, हे विसरू नका.

सासूबाईंवर राग धरू नका, असं मी आवर्जून सांगते. अंगावर उठलं की माता म्हणायचं, हे त्यांनी त्यांच्या आईकडून घेतलं आहे, आणि त्या आईने देवीच्या रोगात माणसं जाताना पाहिली असतील. देवीचा रोग भारतातून १९७५ साली गेला, पण त्याची भीती घराघरांत राहिली आणि ती कांजिण्या, गोवर, सगळ्यांवर बसली. आणि चूक एकट्या घरच्यांचीच होते असंही नाही. मी तालुक्याच्या गावी दवाखाना टाकला त्याच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षीची गोष्ट. एका शाळकरी मुलाला तापात पुरळ आलं होतं, डोळे लाल होते. मी गोवर म्हटलं, तापाचं औषध दिलं आणि घरी पाठवलं. घरात कोणत्या गोळ्या चालू आहेत हे मी विचारलं नाही. तीन आठवड्यांपूर्वी त्याला मिरगीसाठी फेनोबार्बिटोन सुरू झाली होती. मी पाठवलं तेव्हा ती चालूच राहिली. तीन दिवसांनी त्याला खांद्यावर टाकून आणलं. तो जगला, पण एका डोळ्याची नजर गेली. मी वैद्यकीय शिक्षण घेतलेली बाई होते आणि मलाही माता आणि औषधाचं पुरळ यातला फरक कळला नाही, कारण मी एक प्रश्न विचारला नाही. तेव्हापासून तापात पुरळ घेऊन कोणीही आलं की मी नाडी धरायच्या आधी विचारते, गेल्या दोन महिन्यांत कोणती नवी गोळी सुरू झाली?

वाचकांनी हा प्रश्न घरात पाठ करून ठेवावा. मिरगीच्या गोळीचं वाईट पुरळ बहुतेक वेळा सुरू केल्यापासून दोन ते आठ आठवड्यांत येतं. नवी गोळी ज्या दिवशी सुरू कराल त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा आणि तिथून आठ आठवडे मोजून दुसरी खूण करा. त्या दोन खुणांच्या मधे अंगावर काहीही उठलं, दिसायला कितीही साधं असलं, तरी नव्या गोळीचा पुढचा डोस द्यायचा नाही, जुनी चालू ठेवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं. उद्या नाही. ताप, घशात आग, डोळे लाल होऊन चिकटणं, ओठ किंवा तोंडातून सालटं निघणं, लघवीच्या जागी जळजळ, कातडीला नुसता हात लावला तरी दुखणं, यातलं काही सोबत असेल तर थेट मोठ्या दवाखान्यात. पुष्कळदा डोळे आणि घसा आधी धरतात, पुरळ मागून येतं, म्हणून "नुसता ताप आहे" म्हणून थांबू नये. देवीला नारळ जरूर फोडा, पण पोरीला गाडीत बसवल्यावर. सुटलेल्या कातडीवर पाला, हळद, राख, काहीही लावायचं नाही. तिथे आता जखम असते आणि जंतू तेवढ्यासाठीच टपलेले असतात.

आता पुढचं. लॅमोट्रिजीन तुमच्या मुलीला पुन्हा कधीही नाही, अर्धी नाही, पाव नाही. हे औषध वेगवेगळ्या कंपन्यांच्या वेगवेगळ्या नावांनी मिळतं, म्हणून पाकिटावरचं मोठ्या अक्षरातलं नाव लक्षात ठेवून भागत नाही. त्याच्याखालचं बारीक अक्षरातलं मूळ नाव पाहायचं. आणि एकीने असं केलं की तिच्यासारखी घडण असलेल्या बाकीच्या गोळ्याही तसं करू शकतात. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फेनोबार्बिटोन, या चौघींपासून तिला लांबच ठेवलेलं बरं. हे मी एवढ्या आग्रहाने का सांगते? उद्या तिला रस्त्यात झटका आला आणि लोकांनी जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं, तर तिथे झटका थांबवायला फेनिटॉइनचं इंजेक्शन देण्याची जुनी रीत आहे. देणाऱ्याला हे माहीत नसेल. म्हणून एक जाड कागद घ्या, त्यावर मराठीत आणि इंग्रजीतही लिहून घ्या: "लॅमोट्रिजीनमुळे स्टीव्हन्स-जॉन्सन झालेला आहे. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, ऑक्सकार्बाझेपिन, फेनोबार्बिटोन देऊ नये." खाली साल, डॉक्टरांची सही, तुमचा फोन नंबर. प्लॅस्टिकमध्ये बंद करून एक तिच्या पर्समध्ये, एक मोबाइलच्या कव्हरमागे, एक घरात देवघराच्या भिंतीला. ऐकायला साधं वाटतं, पण तिच्या पुढच्या आयुष्यात या कागदाएवढं कामाचं दुसरं काही मला सुचत नाही.

लॅमोट्रिजीनची जागा कोणती गोळी घेणार ते नागपूरचे मेंदूविकारतज्ज्ञ ठरवतील. लेव्हेटिरासिटाम नावाची गोळी अशा वेळी पुष्कळदा निवडतात, कारण तिच्यात असं पुरळ फार विरळ आहे आणि ती लिव्हरच्या त्या काट्यावर गर्दी करत नाही. तिचा त्रास वेगळा. काहींना चिडचिड होते, मन उदास होतं. तसं दिसलं तर "पोरगी बदलली" म्हणून गप्प बसू नका, डॉक्टरांना सांगा.

इथे एक गोष्ट जोडते, कारण ती तुमच्या लग्नाच्या प्रश्नाला लागून आहे. तुमच्या डॉक्टरांनी लॅमोट्रिजीन का निवडली असेल याचा मी विचार केला. झटके वाढले हे एक कारण. दुसरं बहुधा हे, की मुलगी १९ वर्षांची आहे. वॅल्प्रोएट घेणाऱ्या आईच्या पोटी येणाऱ्या बाळांपैकी शंभरातली दहाच्या आसपास जन्मतः व्यंग घेऊन येतात आणि तीस ते चाळीस मुलांच्या बोलण्या-शिकण्याच्या वाढीत अडथळे येतात. म्हणून लग्नाच्या वयाच्या मुलींना वॅल्प्रोएटवरून हळूहळू दुसऱ्या गोळीवर न्यायचा प्रयत्न करतात. इरादा चांगलाच होता. तो प्रश्न अजून उभा आहे, तेव्हा नागपूरला गेलात की तो तुम्हीच काढा: "लग्नाआधी ही गोळी बदलायची का, कधी, कशी?" पण हे वाचून पुन्हा घरच्या घरी वॅल्प्रोएट बंद करू नका, हात जोडून सांगते.

लग्नात लपवायचं का? नाही. मिरगी असणं हा हिंदू विवाह कायद्यात आता लग्नाला अडसर नाही, ती अट १९९९ साली काढून टाकली. कायद्याचा धाक राहिला नाही, माणसांचा राहिला आहे, आणि तो लपवून वाढतो. लपवलं की सासरी गोळ्या लपून घ्याव्या लागतात, लपून घेतल्या की चुकतात, चुकल्या की झटका येतो, आणि मग सगळ्यांसमोर उघडं पडतं. मी अशा मुली पाहिल्या आहेत. ज्या घराला गोळीचं पाकीट उघड्यावर ठेवलेलं चालत नाही, त्या घरात पोर देऊ नका. थांबा. १९ म्हणजे काही वय निघून गेलेलं नाही.

अंगावरच्या काळ्या डागांची तिला फार काळजी वाटत असेल, बोलली नसली तरी. ते फिके होतात, पण महिने लागतात, आणि ऊन लागलं तर जास्त. यंदा तिला वेचणीला नेऊ नका. उन्हाळा तर आपल्याकडे ४५ अंशांचा, तेव्हा दुपारी घरातच. नखं गळून नवी येतील, त्याने घाबरू नका. डोळ्यांचं मात्र हलक्यावर घेऊ नका. या आजारानंतर अश्रू कमी होतात, पापण्यांचे केस आत वळून बुबुळाला घासतात, आणि हे सगळं घरी आल्यावर महिनोन्महिने चालू राहू शकतं. डोळ्यांत खडा गेल्यासारखं वाटतं का, उजेड सहन होतो का, तिला विचारा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांची तारीख चुकवू नका. आणखी एक, जे पोरी आईलाही सांगत नाहीत. हा आजार तोंडाच्या आतल्या कातडीला धरतो तसा खालच्या जागेलाही धरतो, आणि बरं होताना तिथे कातडीला कातडी चिकटू शकते. पाळीच्या वेळी दुखतं का, लघवीला त्रास होतो का, हे एकांतात विचारा आणि एकदा स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंना दाखवून घ्या. वेळेत पाहिलं तर उपाय सोपा असतो. लग्नानंतर कळलं तर तो त्रास ती मुकाट सोसत बसेल.

मेडिकलवाल्याशी भांडायला जाऊ का, असं तुमच्या मालकांनी फोनवर मधेच विचारलं. भांडू नका, जा मात्र. पाकीट आणि चिठ्ठी दोन्ही त्याच्यासमोर ठेवा आणि काय झालं ते त्याला शांतपणे सांगा. उद्या त्याच्या दुकानात दुसऱ्या कोणाची आई उभी राहणार आहे. शिवाय औषधाचा असा दुष्परिणाम सरकारकडे नोंदवता येतो. गाझियाबादला भारतीय औषधसंहिता आयोग आहे, त्याचा बिनपैशाचा फोन १८००-१८०-३०२४, आणि रुग्णाने भरायचा अर्ज मराठीतही आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी नोंद केली का विचारा. नसेल तर तुम्ही करा.

आणि जावेला आजच सांगा, तिच्या मुलाची एप्टॉइन कोणी बदलली, कमी केली किंवा बंद केली, तर त्याच दिवशी लॅमोट्रिजीनची मात्राही डॉक्टरांनी पाहायला हवी. फेनिटॉइन गेली की काट्यावरची जास्तीची माणसं जातात, आणि रोजच्या त्याच दोन गोळ्या त्याच्याही अंगात साचू लागतील. त्याच्या लॅमोट्रिजीनच्या गोळ्या तीन किंवा जास्त दिवस सलग चुकल्या तर परत एकदम पूर्ण मात्रेने सुरू करायच्या नाहीत, आधी डॉक्टरला विचारायचं, कारण पुष्कळदा पहिल्या पायरीपासून चढावं लागतं. तुमच्या घरचं दुःख तिच्या मुलाच्या कामी येवो.

आता शेवटची ओळ ज्या मुलीने लिहिली तिला.

बेटा, क्लासला जा. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पाहिल्यावर जा, आणि सुरुवातीला एक तासच. सुईत दोरा ओवताना डोळे कोरडे पडतील, कारण टक लावून पाहताना पापणी लवायची राहते. डॉक्टरांनी दिलेले थेंब पिशवीत ठेव आणि खिडकीजवळची, पण ऊन अंगावर न येणारी जागा घे. झटके पूर्ण थांबेपर्यंत मोटरच्या मशीनवर बसू नकोस, पायाचं घे. झटक्यात पाय दाबला गेला तर मोटर थांबत नाही, पायमशीन थांबतं. इस्त्री मैत्रिणीला करायला सांग. आणि क्लासच्या बाईंना सांगून ठेव की झटका आला तर तुला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही, घड्याळ पाहायचं, आणि पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८. तो जाड कागद तयार झाला की त्याची पहिली प्रत क्लासच्या पर्समध्ये.